ओव्यांचा पत्ता

संगणक सुरू केला की काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात आकडे पळायचे, हे आज पंचेचाळिशी ओलांडलेल्या मंडळींना आठवत असेल. ६४, १२८, १९२ असं करत करत ६४०पर्यंत जायचे आणि पुढे ‘ओके’ उमटायचं. मी १९९१ साली बी. ए. होऊन मिरजेच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो, तेव्हा मालकांनी नुकताच घेतलेला संगणक रोज सकाळी ही मोजणी करायचा. आमच्याकडचे एक वयस्कर जुळारी ते बघून म्हणायचे, “हा रोज उठून आपली घरं मोजतो. रात्रीतून कुणी नेलं तर नाही ना!” सगळे हसायचे, पण बोलणं अगदी बरोबर होतं. यंत्र आपल्या मेमरीतली घरं खरोखरच मोजत असे. प्रत्येक घरात काहीतरी लिहायचं, लगेच वाचून बघायचं, लिहिलं तेच वाचलं गेलं तर ते घर शाबूत.

आज मला या घरांबद्दलच बोलायचं आहे. मी कवी माणूस, संगणकातला जाणकार नव्हे. पण गेल्या वर्षी या घरांच्या मांडणीशी माझा असा काही संबंध आला, की ती समजून घेतल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

माझी अम्मी तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात वाढली. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण जात्यावर बसली की तिच्या तोंडून निघायची ती मराठी ओवी. गावातल्या आयाबायांबरोबर दळताना शिकलेली. १९९२ आणि ९३ या दोन वर्षांत रविवारी छापखाना रिकामा असला की मी तिच्या ओव्या त्या संगणकावर उतरवून ठेवल्या. आधी वहीत, मग संगणकात. अम्मी २००४ साली गेली. वह्या २०१९च्या ऑगस्टमधल्या कृष्णेच्या पुरात गेल्या. वाचल्या त्या माळ्यावरच्या डब्यातल्या सात फ्लॉप्या.

फ्लॉपी वाचायचं यंत्र आजही मिळतं. वायरनं संगणकाला जोडायचं. माझ्या भाच्यानं ते आणलं, फ्लॉपी घातली, फाइलींची नावं दिसली. उघडल्या तर नुसती चित्रविचित्र चिन्हं! ज्या मराठी लेखनाच्या प्रोग्राममध्ये मी त्या लिहिल्या होत्या, त्याची अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत त्याची स्वतःची होती. आज सर्वत्र रूढ असलेला युनिकोड तेव्हा आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता. म्हणजे ओव्या वाचायच्या तर तोच प्रोग्राम चालवायला हवा. तो एका फ्लॉपीवर होता. पण तो ज्या यंत्रावर चालायचा ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं.

“मामू, यंत्र नसलं तरी त्याचं सोंग आणता येतं,” भाचा म्हणाला. त्या सोंगाला एम्युलेटर म्हणतात.

बहुरूपी पोलिसाचं सोंग घेऊन दारात येतो, तेव्हा खाकी कपडे आणि शिट्टी एवढ्यावर भागतं. एम्युलेटरचं तसं नसतं. आजच्या संगणकावर चालणारा हा एक प्रोग्राम. पण त्याला जुन्या यंत्राची हाडं, सांधे, खोडी, सगळं वठवावं लागतं. जुना प्रोग्राम त्याच्या पोटात चालतो आणि आपण आपल्याच जुन्या घरात आहोत अशी त्याची पक्की समजूत असावी लागते. जुने डॉसवरचे प्रोग्राम आणि खेळ चालवायला ‘डॉसबॉक्स’ नावाचा एम्युलेटर २००२पासून फुकट मिळतो. ‘बॉक्स’, ‘क्यूएमयू’ असे आणखीही आहेत. या सगळ्यांत सुरुवातीलाच ठरवावं लागतं, की सोंगातल्या यंत्राला मेमरी किती द्यायची आणि तिच्यात कुठे काय ठेवायचं.

किती, हे कुणालाही समजतं. कुठे काय, हे समजायला मला छापखान्याचाच आधार घ्यावा लागला. खिळ्यांच्या छपाईच्या काळात जुळाऱ्यासमोर लाकडी केस असायची, तिला शेकडो खण. मुरलेला जुळारी खणांकडे बघत नसे. नजर मजकुरावर, हात आपोआप योग्य खणात. आता समजा रात्रीतून कुणी केसमधले खिळे इकडचे तिकडे केले. एकही खिळा कमी झालेला नाही, उलट चार जास्तच आहेत. तरी सकाळी जुळारी जे जुळवील ते वाचण्याजोगं नसेल. जुने प्रोग्रामही असेच, न बघता हात घालणारे.

आयबीएमनं १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याची मांडणी अशी ठरली. त्यातल्या ८०८८ या प्रोसेसरला पत्ता सांगायला वीस तारा. वीस तारांतून बरोबर १,०२४ केबी पत्ते सांगता येतात, एकही जास्त नाही. त्यातले पहिले ६४० केबी प्रोग्राम आणि त्यांच्या कामासाठी. ६४०पासून ७६८पर्यंतची जागा पडद्यासाठी राखीव. तिथं जे लिहाल ते पडद्यावर दिसेल. त्यापुढे जोडलेल्या कार्डांची जागा. आणि ९६० केबीच्या वर, अगदी माथ्याला, यंत्राचा कायमचा मजकूर, ज्याला बायॉस म्हणतात. गंमत म्हणजे यंत्र जागं होतं ते तळाशी नव्हे, तर माथ्यापासून सोळा घरं खाली. तिथं पुढे कुठे जायचं याची सूचना लिहिलेली असते. एम्युलेटरनं तिथं बायॉस ठेवला नाही, तर सोंगातलं यंत्र डोळेच उघडत नाही.

तळाच्या १,०२४ घरांत २५६ पत्त्यांची यादी, म्हणजे यंत्राची टेलिफोन डिरेक्टरीच. कळ दाबली तर कुणाला बोलवायचं, घड्याळाचा ठोका पडला तर कुणाला. तिच्या थोडं पुढे, १,०४३ क्रमांकाच्या घरापासून दोन घरांत, यंत्राकडे मेमरी किती केबी आहे तो आकडा नोंदलेला. प्रोग्राम सगळी मेमरी स्वतः मोजत बसत नाहीत, बायॉसमार्फत हा आकडा विचारून घेतात. म्हणजे एम्युलेटरनं मेमरी नुसती देऊन भागत नाही. ती दिल्याची नोंद योग्य घरात करावी लागते. सातबारावर नाव लागल्याशिवाय जमीन आपली होत नाही, तसंच हे.

अगदी पहिल्या पीसीत तर हा आकडा माणसालाच सांगावा लागे. आतल्या मुख्य पट्टीवर बारीक बारीक खटके असत आणि मेमरी वाढवली की ते वरखाली करायचे. १९८४च्या एटी या यंत्रात ही माहिती एका छोट्या बॅटरीवर टिकणाऱ्या चिपमध्ये गेली. आजचे एम्युलेटर त्या चिपचंही सोंग करतात आणि तिच्यात ठरावीक घरी आकडे भरून ठेवतात. नसलेल्या चिपच्या नसलेल्या घरात खरा आकडा!

आता कमीत कमी मेमरीचं. त्या पहिल्या पीसीचं सर्वांत स्वस्त रूप १६ केबीचं होतं. युनिकोडच्या सध्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाईट घेतं. त्या हिशेबानं १६ केबीत जेमतेम साडेपाच हजार चिन्हं बसतील. काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या मोजायच्या. म्हणजे माझं हे भाषणसुद्धा त्या यंत्रात मावलं नसतं. आमचा मराठी प्रोग्राम पुढच्या काळातला. त्याच्या फ्लॉपीच्या चिकटपट्टीवर ५१२ केबी लागतील असं लिहिलेलं होतं. त्याहून कमी दिलं तर तो सुरूच व्हायचा नाही. इथपर्यंत आपल्या व्यवहारज्ञानाला धरून आहे. किमान तेवढं द्या, जास्त दिलं तर उत्तमच. आज मेमरीचा काय तोटा? भाच्याच्या संगणकात १६ जीबी आहे.

पण जास्त दिलं तर उत्तमच, हे इथं खरं नाही. आणि मला या विषयात गोडी लागली ती याच कारणानं.

आम्ही प्रोग्राम सुरू केला. एक ओळ उमटली, ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’. बांधून ठेवलेली फाइल बिघडली आहे. माझा जीव खाली गेला. तीस वर्षं माळ्यावर, उन्हाळ्यात पत्रे तापायचे, फ्लॉपी बिघडली असणारच. भाचा मात्र शांत. त्यानं दोन दिवस वाचन केलं आणि मला सांगितलं, की फाइल धडधाकट आहे, तिला जागा फार मिळाली म्हणून ती तक्रार करते आहे.

हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. त्या काळी फ्लॉपीवर जागा वाचवायला प्रोग्राम दाबून, बांधून ठेवत. चालवायच्या वेळी तो मेमरीत स्वतःला उलगडायचा. उलगडण्याच्या हिशेबात पत्ते मोजताना, प्रोग्राम मेमरीच्या तळाशी, पहिल्या ६४ केबीत बसलेला असला, तर आकडा माथ्याच्या पलीकडे जायचा. जुन्या यंत्रात त्यानं काही बिघडत नसे. तारा वीसच; शेवटच्या घरापलीकडचा पत्ता म्हणजे पुन्हा शून्याचं घर. घड्याळात बारानंतर एक वाजतो तसं. हिशेब फिरून योग्य जागी यायचा.

मग १९८४ची एटी आली. तिच्या ८०२८६ प्रोसेसरला चोवीस तारा. आता माथ्यापलीकडे खरीखुरी घरं होती, त्यामुळे पत्ता फिरून शून्यावर येईना, पुढेच जाऊ लागला. जुने प्रोग्राम तर फिरून येण्यावर विसंबलेले. आयबीएमच्या अभियंत्यांनी काय केलं, तर एकविसाव्या तारेवर एक फाटक बसवलं. फाटक बंद असलं की यंत्र जुन्यासारखं वागणार. आणि त्या फाटकाची दोरी बांधली कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपला, कारण तिच्यावर एक पाय रिकामा होता! शेजाऱ्याच्या खुंटीला आपली दोरी बांधण्याचा हा प्रकार पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक पीसीला सांभाळावा लागला, आणि एम्युलेटर लिहिणाऱ्यांनाही हे फाटक तसंच्या तसं वठवावं लागलं.

१९९१मध्ये डॉसची पाचवी आवृत्ती आली. तिनं हे फाटक उघडून स्वतःचा मोठा भाग माथ्यापलीकडे हलवला. हेतू चांगला होता, खालची जागा प्रोग्रामांना मोकळी व्हावी. झालं भलतंच. खाली इतकी जागा मोकळी झाली, की पूर्वी कधी न बसलेले प्रोग्राम पहिल्या ६४ केबीत जाऊन बसू लागले. फाटक उघडं, हिशेब फिरून येईना, आणि धडधाकट प्रोग्राम स्वतःला बिघडलेला म्हणू लागले. त्यावर त्याच डॉसबरोबर ‘लोडफिक्स’ नावाची छोटी आज्ञा दिली गेली. ती काय करते? खालचे ६४ केबी उगाचच अडवून धरते. काही करत नाही, नुसती बसून राहते. प्रोग्राम मग तिच्या वर बसतो आणि सुरळीत चालतो. डॉसबॉक्समध्येही ही आज्ञा आहे.

मी भाच्याला दोनदा विचारलं, की ती खरंच काही करत नाही? नाही म्हणाला. कवितेत आपण ओळीआधी कोरी जागा सोडतो, तेव्हा छापखान्याचे मालक कागदाचा हिशेब सांगून कुरकुरत, ते मला आठवलं. असो.

हे एकट्या डॉसचं नाही. विंडोज ९५ला कमीत कमी ४ एमबी मेमरी लागायची. विंडोज ९८ला ५१२ एमबीपेक्षा जास्त दिली, तर काही वेळा ‘मेमरी अपुरी आहे’ असा उलटा निरोप येई, कारण त्या भरमसाट मेमरीचा हिशेब ठेवण्यातच तिची आपली राखीव जागा संपून जायची. म्हणून जुनी विंडोज एम्युलेटरमध्ये चालवणारे जाणकार हात आखडता ठेवून ६४ किंवा १२८ एमबी देतात.

काही यंत्रांत तर पडदा आणि प्रोग्राम यांचं एकाच ताटात जेवण. ब्रिटनचा बीबीसी मायक्रो १९८१चा. १९८४मध्ये आपल्या देशातल्या शाळांत संगणक शिकवायची ‘क्लास’ योजना सुरू झाली, ती याच यंत्रावर. त्याच्या ‘बी’ नमुन्यात ३२ केबी मेमरी. रंगीत चित्रांचा पडदा हवा असेल, तर त्यातले २० केबी पडदा खाणार. फ्लॉपी जोडली असेल, तर तळाचे सव्वासहा केबी आधीच गेलेले. विद्यार्थ्याच्या प्रोग्रामला उरले ५,८८८ बाईट. ‘ए’ नमुना १६ केबीचा; त्यात हा पडदा उघडताच यायचा नाही. म्हणून या यंत्राच्या एम्युलेटरमध्ये ‘ए’ की ‘बी’ हे आधी सांगावं लागतं. त्याच घराण्यातल्या मास्टर नावाच्या यंत्रावर बीबीसीनं १९८६मध्ये ‘डूम्सडे’ प्रकल्प केला. १०८६ सालच्या इंग्लंडच्या प्रसिद्ध जमीनमोजणीला नऊशे वर्षं झाली म्हणून लाखो लोकांकडून, शाळांकडून गावोगावची माहिती, छायाचित्रं जमवून लेसर तबकड्यांवर भरली. सोळा वर्षांत, २००२पर्यंत, त्या तबकड्या वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांतल्या अभ्यासकांना एम्युलेटरनं ती माहिती पुन्हा दाखवावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीची चामड्यावरची मूळ वही मात्र तशीच वाचता येत होती. माझ्या सात फ्लॉप्या त्या मानानं किरकोळ. पण माझ्या आईच्या.

तर आमचा प्रोग्राम अखेर सुरू झाला. म्हणजे झाला असावा, कारण पडदा काळाच होता. कळ दाबली की बारीक आवाज यायचा, बाकी काही नाही. आता भाचाही गोंधळला. मग मला आठवलं, की छापखान्यातला पडदा रंगीत नव्हता, अंबर रंगाचा होता. त्या काळी आपल्याकडे हर्क्युलिस नावाचं एकरंगी कार्ड फार चालायचं. १९८२ सालचं मूळ, पडद्यावर आडवे ७२० आणि उभे ३४८ ठिपके. बारीक ठिपक्यांमुळे अक्षर सुबक दिसे. हे कार्ड पडद्याचा मजकूर वाचायचं ते ७०४ केबीच्या पत्त्यावरून. रंगीत कार्डांचा मजकुराचा पत्ता वेगळा, ७३६ केबी. आमच्या एम्युलेटरनं रंगीत कार्डाचं सोंग घेतलं होतं. प्रोग्राम बिचारा बरोबर काम करत होता. ओव्या ७०४च्या पत्त्यावर अक्षर न अक्षर काढल्या जात होत्या, आणि त्या पत्त्यावर वाचणारं कुणी राहतच नव्हतं.

भाच्यानं एम्युलेटरच्या फाइलीत यंत्राच्या नावापुढे ‘हर्क्युलिस’ लिहिलं. पुन्हा सुरू केलं. पडदा उजळला.

या कार्डाची एक खोड सांगतो. पडद्यावरच्या ठिपक्यांच्या ओळी ते मेमरीत ओळीनं ठेवत नाही. पहिली ओळ एका कप्प्यात, दुसरी ८ केबी पुढच्या, तिसरी त्याच्याही पुढच्या. असे चार कप्पे, आणि पाचवी ओळ पुन्हा पहिल्या कप्प्यात. म्हणजे ‘जातं’ या शब्दाची शिरोरेघ एका कप्प्यात, तिच्या खालचा ठिपक्यांचा थर ८,१९२ घरं दूर. एम्युलेटर लिहिणाऱ्यानं हे चार कप्पे नीट जुळवले नसते, तर माझ्यासमोर अक्षरांच्या चिंध्या आल्या असत्या. कोण कुठला, जगाच्या कोणत्या कोपऱ्यातला माणूस, त्याला मराठी येत असण्याचा काही संभव नाही. पण आपली संध्याकाळ खर्चून त्यानं हे चार कप्पे बरोबर लावले, म्हणून अम्मीची शिरोरेघ तिच्या अक्षरावर बसली.

मेमरीचा आकडा शेवटी आम्ही एक एमबी ठेवला. भाच्यानं सगळे आकडे कागदावर लिहून फ्लॉप्यांच्या डब्यात ठेवलेत: कोणता पडदा, किती मेमरी, खाली किती अडवायची. फाइलींच्या चार प्रती काढल्या, तरी हा कागद नसेल तर त्या पुढे कुणाच्या उपयोगाच्या नाहीत, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं.

सातपैकी चार फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या. तिन्हींत मधले मधले भाग झिजले आहेत. तिथं कोणतीही मांडणी करा, घर रिकामंच. एकूण ११२ ओव्या हाती आल्या. त्यातल्या नऊंमध्ये भोकं होती. पडद्यावरून मी त्या हातानं वहीत उतरवल्या आणि खालाकडे गेलो. अम्मीची धाकटी बहीण, वय त्र्याऐंशी. ओवीचा सापडलेला भाग वाचायचा आणि थांबायचं, एवढंच मी केलं. सहा ओव्या तिनं पुऱ्या केल्या. एका ठिकाणी मात्र फाइलीत शाबूत असलेला शब्दच चुकीचा म्हणाली. “आपा असं म्हणत नव्हती, बेटा.” मी दोन्ही शब्द ठेवलेत, तिचा वेगळ्या शाईत. उरलेल्या तीन ओव्यांसाठी पुढच्या जुम्म्याला ये, म्हणाली. सकाळी, ऊन चढायच्या आत.